टेकायला जागा

“आणि तू? तू यात कुठे बसशील?”

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी हे अगदी सहज विचारलं, पंगतीत कोणाचं पान कुठे मांडायचं ते विचारावं तसं. मघापासून त्या लोकेशच्या आर्किटेक्चरच्या थिसिसच्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या मॉडेलवर वाकून पाहत होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला, हात पाठीमागे बांधलेले. बालाघाटातल्या एका वॉर्डासाठीचं समाजभवन होतं ते. एका अंगाला पोरांची वाचनखोली, वर बचतगटाच्या बायकांच्या खोल्या, आणि मधोमध मोठा सभामंडप, चारही बाजूंनी दारं असलेला. त्या दारांतून कागदाची नखाएवढी माणसं आत येत होती, आत बसली होती, आत उभी होती. लोकेशने ती कटरने कापली होती, कापता कापता बोटांच्या टोकांची कातडी सोलून निघाली होती. 'एकही माणूस बाहेर नाही' हे त्याच्या पहिल्या शीटवरचं पहिलं वाक्य. तेव्हा उत्तर जिभेवर तयारच असायला हवं होतं: कुठेही मॅडम, इथे, तिथे, समोर. त्याने बोट पुढे नेलं. बोट मंडपावरून फिरलं, दारापाशी थांबलं, भिंतीवरून सरकत बाहेर गेलं आणि टेबलाच्या कडेवर येऊन खाली पडलं. खोलीत कोणीतरी खोकलं. बाई काही रागावल्या नाहीत. “विचार कर,” एवढंच म्हणून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. थोड्या वेळाने गाईड सर व्हरांड्यात आले आणि खाली बघत म्हणाले, “सोमवारी पुन्हा दाखवायचंय. सोमवारी निभलं नाही तर वर्ष गेलं असं समज.”

वर्ष गेलं तर आपण परत यायचं नाही, हे लोकेशने तिथेच, व्हरांड्याच्या खांबाला पाठ लावून, कोणालाही न सांगता ठरवून टाकलं. वारासिवनीच्या एका ठेकेदाराने दोनदा निरोप धाडला होता. घरांच्या दर्शनी भागाची रंगीत चित्रं कॉम्प्युटरवर काढून द्यायची, खांबांवर सोनेरी वेलबुट्टी, गच्चीवर घोडा नाहीतर गरुड, गिऱ्हाईक म्हणेल ते. काम वाईट नव्हतं. निदान तिथे कोणी असलं काही विचारणार नव्हतं. दुपारी आईचा फोन आला की उद्या सप्त्याचा काला आहे, हनुमानाच्या चौकात किरनापूरचे बुवा येऊन राह्यले, तू येशील का? तो “हौ” म्हणून गेला. जायची ओढ होती म्हणून नव्हे, नाही म्हणायला जे बळ लागतं तेवढंही उरलं नव्हतं.

नागपूरहून निघालेल्या बसमध्ये मॉडेलचा खोका मांडीवर घेऊन तो बसला. थकवा म्हणजे नुसती झोप नव्हे हे त्याला अलीकडे कळू लागलं होतं. झोप डोळ्यांत असते. हे काहीतरी मनगटात होतं, दातांच्या मुळाशी होतं, गोंदाच्या वासासारखं हाताला चिकटून राहिलेलं. डोळे मिटले की पापण्यांच्या आत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या कडा दिसत, सरळ, धारदार, आणि त्या जुळत नसत. बस तुमसरला थांबली, पुढे निघाली. कापणी झालेल्या धानाची खुंटं रिकाम्या शेतांतून मागे पळत होती. खोक्याच्या फटीतून सभामंडपाचा एक कोपरा दिसत होता. बसच्या हादऱ्यांनी आतली माणसं थरथरत होती, आणि लोकेशला उगाच वाटलं की ती सगळी आपल्याकडे पाठ करून बसली आहेत.

कारण त्या इमारतीतला पहिला माणूस पाठमोराच होता. थिसिसचा विषय ठरवायच्या वेळी त्याने एक रेखाचित्र काढलं होतं. एक भिंत, भिंतीच्या आत उजेड आणि गर्दी, आणि बाहेर विजेच्या खांबाला टेकून उभा असलेला एक माणूस, हातात जेवणाचा डबा. “कोण आहे हा?” सरांनी विचारलं, आणि लोकेशने सांगितलं, “एक कामगार आहे सर. रात्रपाळी करून येतो. अंगावर धूळ असते म्हणून आत बसत नाही. बाहेरून कीर्तन ऐकतो.” सरांना ते फार भावलं. मग त्या माणसाला आत आणणारी इमारत, असं सगळं उभं राहत गेलं, शीटांवर शीटा. त्या माणसाचं नाव शालिकराम आहे, तो मलाजखंडच्या खाणीवर ठेकेदाराचा डंपर चालवायचा, आणि तो माझा बाप आहे, हे त्याने तिथे सांगितलं नाही. लाज होती म्हणावं तर तसंही नव्हतं. सांगितलं असतं तर टाळ्या वाजल्या असत्या, आणि त्या टाळ्या त्याला नको होत्या. पण न सांगूनही त्या वाजल्याच, आणि तेव्हापासून आत काहीतरी खुपत राहिलं होतं, चपलेत खडा शिरावा आणि थांबून काढायला वेळ होऊ नये तसं.

आठवण मात्र खरी होती. थंडीतली सकाळ, चौकात मंडप, मृदंगाची थाप. बैहरकडून येणाऱ्या पहिल्या बसने बाबूजी उतरायचे. भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर, शर्टाच्या शिवणीत करडी धूळ. घरी न जाता थेट चौकात यायचे, आणि आत न जाता खांबाला टेकायचे. छोटा लोकेश त्यांचं बोट धरून. बोटाला ग्रीसचा वास. आतून बुवांचा आवाज यायचा आणि आत बसलेल्यांची फक्त डोकी दिसायची, पदर, टोप्या, हलणारे टाळ. सगळं जग आत आहे आणि आपण दोघं बाहेर, हे इतक्या लहानपणी मनात बसलं की पुढे शाळेत, कॉलेजात, हॉस्टेलच्या जेवणघरात, कुठेही दार दिसलं की तो आधी बाहेर थांबायचा. आत जायला कोणी अडवलेलं नसायचं. तरी थांबायचा.

घरी पोचला तेव्हा मैनाबाईंनी दारातच त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “काहून रे, किती सुकला! जेवून राह्यला का नाही तिकडे?”

“जेवतो ना, माय.”

“डोळे पाह्य कसे गेले आत. बसला नाही तं पडशील.” मग खोक्याकडे बघून, “हे का आणलं? केक?”

खोका टीव्हीच्या टेबलावर उघडला. मैनाबाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या, तोंडाला पदर लावून, आपल्या श्वासाने ते उडून जाईल की काय अशा बेताने. “सुंदर आहे बाप्पा,” त्या म्हणाल्या, “पण चपला कुठी काढाच्या?”

“माय, ते नंतर येते.”

“नंतर नाही रे, चपला पहिले येते.”

शालिकराम खुर्ची ओढून बसले. डंपर सोडून त्यांना आता बरीच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि ती धूळच आहे असं लोकेशला अजूनही क्षणभर वाटायचं. त्यांनी नकाशा ओळखला. “हा आपला चौक होय ना? हे हनुमान मंदिर. हा हेमराजचा कोपरा. अन् माहा खांबा कुठी गेला?”

“तो सरकवा लागते बाबूजी. मार्जिनमधे येते.”

“मार्जिन म्हणजे का?”

“भिंतीच्या बाहेर मोकळी सोडाची जागा. नियम आहे. तिथं खोली बांधता येत नाही.”

“मोकळी आहे ना? मंग ठीक आहे.” शालिकराम हसले आणि टीव्हीचा रिमोट शोधू लागले. आपल्यासाठी एवढं मोठं काही बांधून ठेवलं आहे, चार दारं फक्त आपल्यासाठी उघडी आहेत, याची त्यांना काही दखलच नव्हती. लोकेशला एकदम रडू यावं असं झालं. अंगात त्राण असतं तर आलंही असतं.

सकाळी चौकात ऊन मऊ होतं. राईस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास येत होता. आता कीर्तनात हा वास का मिसळलेला असतो ते ज्याने बालाघाटात थंडीतला सप्ता ऐकला आहे त्यालाच विचारावं. देवाच्या नावालाही गावाचा वास लागतो. मंडपाच्या तोंडाशी सप्त्याचे कारभारी हेमराजकाका पांढऱ्या टोपीत उभे होते. “आवो, इंजिनिअर साहेब!”

“आर्किटेक्ट, काका.”

“तेच ते. मंदिराचा नकाशा फुकटात काढून देजो. चाल, आत बस, समोर जागा आहे.” मग शालिकरामांकडे बघून त्यांनी नुसता हात हलवला. “ह्या महाराजाले काही म्हणतच नाही मी. याचा मठ खांब्यापाशी आहे.”

लोकेश आत गेला नाही. बाबूजींबरोबर खांबाशी आला. खांबाशेजारी मंदिराच्या भिंतीला लागून जुन्या फरश्यांची एक थप्पी कित्येक वर्षं पडून होती. कोणी कशासाठी आणल्या होत्या ते आता कोणाला आठवत नव्हतं. शालिकराम खांबाला पाठ लावून उभे राहिले. आज ते न्हालेले होते. धुतलेला सदरा, कपाळाला बुक्का, खांद्यावर शाल. धूळ कुठेच नव्हती. आत बुवा उभे राहिले, टाळकऱ्यांनी मागे रांग धरली, वीणेची तार एकदा छेडली गेली, आणि सगळ्या चौकाने श्वास आत घेतल्यासारखं झालं. लोकेश बापाकडे बघत राहिला. प्रश्न त्याने आयुष्यात कधी विचारला नव्हता, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असंच तो धरून चालला होता.

“बाबूजी, आता तं धूळ नाही. आता काहून बाहेर?”

“कोणती धूळ?”

“खाणीतली. तुम्ही अंगावर धूळ होती म्हणून आत बसत नव्हते ना?”

शालिकरामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं भलत्याच गल्लीचा पत्ता विचारणाऱ्याकडे पाहावं. “धुळीले कोण पाह्यते रे कीर्तनात? अर्धा गाव मिलमधून कोंडा लागलेला येते. आत बसलो का मले झोप लागते, म्हणून उभा राह्यतो.”

“झोप?”

“रातभर डंपर चालवून कोणाले नाही लागनार? एक डाव बसलो होतो आत, समोरच. तू मांडीवर. बुवानं असा मधुर आवाज लावला, मी गेलो. घोराले लागलो ना! हा हेमराज साक्षी आहे. बुवानं टाळ थांबवले अन् म्हणे, माउली, या भक्ताचा सूर ऐका, आपल्यापेक्षा पक्का आहे, अन् ताल काही सोडत नाही.” शालिकराम तोंडावर शाल धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “सारा मंडप हसला. बायका तं काय हसल्या!”

“तुम्हाले वाईट वाटलं?”

“मले काय वाटनार? मस्त बोलला बुवा. पण तू रडाले लागला. एवढासा तं होता. लोकं माह्या बाबूजीले हसते म्हणून भोंगाच काढला. माह्या बोटाले धरलं अन् ओढत ओढत बाहेर आणलं, इथी, ह्या खांब्यापाशी. मी म्हटलं आता बसू ना आत, तं तू पुन्हा रडे. दुसऱ्या दिवशी बी तसंच. मंग म्हटलं, राहू दे. बाहेर बी ऐकू येते.” त्यांनी शालीने डोळे पुसले. “तूच तं काढलं मले बाहेर. विसरला?”

आत गोकुळ सुरू झालं होतं. बुवा मधूनच पोरांसाठी हिंदीत शिरत आणि परत मराठीत येत. “सब ग्वाले अपनी-अपनी रोटी खोल के बैठे, समझे? अन् एक जण मात्र आपली शिदोरी लपवून बसला. त्याच्या फडक्यात काय, तं रातची आंबलेली आंबील. लाज वाटे बिचाऱ्याले. अन् देवाचा हात पहिले कोणाच्या फडक्यात गेला?” चौकभर एकच पुकारा उठला. लोकेश ऐकत होता आणि ऐकत नव्हता. ते बोट, तो ग्रीसचा वास, ती ओढ. ओढ होती खरी, आत्ता मनगटाला आठवली. आजवर त्याला वाटत आलं होतं की बाप आपल्याला धरून बाहेर उभा आहे. ते बोट धरण्याचं नव्हतंच, ओढण्याचं होतं. मग ते चित्र, ती भिंत, ती चार दारं, 'एकही माणूस बाहेर नाही'. सगळी इमारत एका रडणाऱ्या पोराने बांधली होती, आणि ज्याच्यासाठी बांधली तो इथे खांबाला टेकून मजेत होता. वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला नुसतं बसावंसं वाटलं. उन्हाने फरश्या तापल्या होत्या. तो त्यांच्यावर बसला, मग त्याने मंदिराच्या भिंतीला डोकं टेकलं. भिंतीतून मृदंग अंगात येत होता. आतल्या टाळांचा आवाज बाहेर येताना अर्धा राहत होता आणि तो अर्धाच त्याला पुरत होता. नामाचं असंच असतं. ज्याला पूर्ण झेपत नाही त्याच्यासाठी ते थोडं बाहेर सांडतं. बुवांनी विठ्ठलनामाचा गजर धरला, लोक उभे राहिले असावेत, टाळ्या वाढत गेल्या, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या धारदार कडा पापण्यांमागे एकदा दिसल्या आणि उन्हात विरघळून गेल्या.

जाग आली तेव्हा मंडप रिकामा होत होता. पोरं फुटलेल्या हंडीच्या खापऱ्या वेचत होती. त्याच्या अंगावर बाबूजींची शाल होती. मांडीवर पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात काला, लाह्या दह्यात भिजून मऊ झालेल्या. किती वेळ झाला ते कळेना, पण सावल्या आखडत आल्या होत्या, आणि ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडायला हवं होतं. पडलं नव्हतं. शालिकराम खांब सोडून दोन हात पुढे, उन्हाच्या आड उभे होते. पाठ टेकायला काही नव्हतं. एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत, गुडघा दाबत, ते हेमराजकाकांशी बोलत होते.

“घोरलो का मी?” लोकेशने विचारलं.

“तालात,” हेमराजकाका म्हणाले. “खानदानी आहे लेका!”

“उठवलं काहून नाही, बाबूजी?”

“बुवाच बोलले ना जाता जाता. म्हणे, ज्याले माझ्या कीर्तनात झोप लागली त्याचं भलं झालं, त्याले उठवू नका.” शालिकराम फरशीवर टेकले, हळूहळू, आधी हात, मग कंबर. “खाय काला. गोड आहे.”

लोकेशने खाल्ला. दह्यात आल्याचा तुकडा लागला. कित्येक महिन्यांनी तोंडाला चव आल्यासारखं वाटलं. थकवा गेला नव्हता, तो इतका जुना होता की एका झोपेने जाण्यातला नव्हता, पण आता तो कुठे ठेवावा ते कळल्यासारखं झालं होतं. त्या फरश्यांवर दोघं बसून राहिले. शालिकरामांनी गुडघा चोळला आणि म्हणाले, “खांब्यापाशी बसाले काही असतं ना, तं बरं झालं असतं. उभं राहून पाय भरते आता. आत नको. इथीच.”

दुपारी घरी त्याने खोका उघडला. मैनाबाई कांदा चिरत होत्या, शालिकराम पंख्याखाली आडवे झाले होते. लोकेशने मंडपाच्या एका बाजूची भिंत कटरने छातीइतकी उतरवली. सुबक कापलेली कड पुन्हा तोडली. भिंतीबाहेर, त्या मोकळ्या मार्जिनमध्ये, छपराची वळचण लांबवली आणि तिच्याखाली भिंतीला लागून ओटा दिला, रुंद, बुटका, बाहेरच्या अंगाला, आत न येणाऱ्यांसाठी. ओट्याच्या टोकाला विजेचा खांब परत उभा केला. दाराशी चपलांची जागा केली. त्या वेळी मैनाबाईंनी नुसता हुंकार भरला. मग पहिल्या शीटवरचं ते वाक्य त्याने खोडलं. त्या जागी दुसरं काही लिहावं म्हणून पेन धरून बसला, पण सुचलं ते सगळं पुन्हा टाळ्या घेणारंच वाटलं, म्हणून जागा कोरी ठेवली. शेवटी आतल्या कागदी माणसांतली दोन काढली. एक ओट्यापुढे उभं केलं. दुसऱ्याच्या पायाखालची गोंदाची चकती खरवडून काढली, आणि आजवर इतकी माणसं कापली, उभी केली, बसवली, त्यांत पहिल्यांदाच एकाला आडवं ठेवलं.

सोमवारी टेबल खिडकीजवळ मिळालं. परीक्षक बाई तशाच आल्या, चष्मा घसरलेला, हात मागे. गाईड सर जरा लांब उभे होते. नवी भिंत नीट कापली गेली नव्हती, कडेला पुठ्ठ्याचे धागे सुटले होते, आणि लोकेशला ते दिसत होते. बाई ओट्यापाशी थांबल्या. मग त्यांनी पाठीमागचा हात सोडवला.

“हा पडलाय,” त्या म्हणाल्या, आणि अंगठा आणि बोट पुढे करून त्या आडव्या माणसाला उभं करायला वाकल्या.

“नाही मॅडम,” लोकेश म्हणाला. “झोपलाय.”

“कोण आहे?”

“मी.”

बोटं तिथेच थांबली. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर तिरपं पसरलं होतं. ओट्यापुढे उभ्या असलेल्या नखाएवढ्या माणसाची सावली लांब होऊन आडव्या माणसाच्या तोंडावर पडली होती. “आणि हा उभा आहे तो?” बाईंनी विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

“माझे वडील आहेत, मॅडम. शालिकराम.”

बाईंनी हात मागे घेतला, हळूच, कोणाची झोप मोडू नये अशा बेताने.